दाराला आतली कडी

जुलैतला दुसरा शनिवार, सकाळचे सात, सातपूरला आमच्या कंपनीचं गेट.

हजर: मी, म्हणजे प्रशासन विभाग. डिझाइनचे साहेब. फॅब्रिकेशनमधले सर्वांत जुने फिटर, ज्यांना अख्खी कंपनी मामा म्हणते. अकाउंट्सच्या मॅडम, पेंट शॉपचे दोघे, स्टोअरचे तिघे, बसचे ड्रायव्हर. शिवाय जुन्या गोधडीत गुंडाळलेलं एक दार.

गैरहजर: मोठे साहेब. त्यांना ऐन वेळी मुंबईला जावं लागलं, म्हणून त्यांच्या जागी त्यांचा फोटो असलेला बॅनर आला होता. तो दारापेक्षा लांब होता.

यातले डिझाइनचे साहेब आणि मामा एवढे दोघे लक्षात ठेवले तरी पुरे. बाकीचे मिसळ खायला आले होते, आणि ते त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं.

हे सगळं सुरू झालं मोठे साहेब कुठल्याशा परिषदेहून परतले तेव्हा. जे कर्मचारी समाजासाठी वेळ देतात ते नोकरी सोडून जात नाहीत, असं तिथे कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "आपल्या गेटमधून नुसता माल बाहेर जाऊन चालणार नाही, मॅडम. माणुसकीही गेली पाहिजे. ते जरा तुम्ही बघा." आमच्या कंपनीत ज्या कामाला विभाग नसतो ते माझं असतं. दसऱ्याची पूजा, आगीची तालीम, कॅन्टीनमधली झुरळं आणि आता माणुसकी.

मी सूचना लावली: समाजकार्यासाठी एक शनिवार देऊ इच्छिणाऱ्यांनी खाली नावं लिहावीत. शनिवार ही आमची आठवड्याची सुट्टी. आठवडाभराने पाहिलं तर कागदावर एकच नाव होतं. माझं. अक्षर माझं नव्हतं.

प्रश्न मात्र बरेच आले.

"मॅडम, बदली सुट्टी मिळेल का?"

"बदली सुट्टी घेऊन केली तर ती सेवा कसली?"

"आणि शनिवारी बोलावलं तर ती सुट्टी कसली?"

मी विषय बदलला आणि कॅन्टीनमध्ये मदतपेटी ठेवली. पंधरवड्याने उघडली. आत 'उसळीत मीठ बघून टाका' अशी चिठ्ठी होती, मुदत संपलेली जेवणाची कुपनं होती आणि स्टोअरमधल्या एकाच्या मोटारसायकलची किल्ली होती. त्या किल्लीवरून तो बरेच दिवस वॉचमनशी बोलत नव्हता. किल्ली परत दिल्यावर दोघं पुन्हा बोलू लागले. पेटीचा समाजाला झालेला उपयोग इतकाच.

मग मी माझ्या मावसबहिणीला फोन केला. ती घोटीच्या पुढे एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे.

"तुझ्या शाळेत येऊ का आमची माणसं घेऊन? रंगबिंग देऊ भिंतींना."

"ताई, रंग नको!" ती जवळजवळ ओरडलीच. "शाळा हायवेजवळ आहे ना, प्रत्येक कंपनीला आम्हीच सापडतो. दोनदा रंगवून झाली. एका भिंतीवर मोर आहे, दुसऱ्या भिंतीवरही मोर आहे. पहिलीची पोरं ओळख परेडसारखी दोन्हीकडे बोट दाखवतात."

"मग काय हवंय?"

"दार."

मुलींच्या स्वच्छतागृहाचं जुनं लाकडी दार दोन पावसाळ्यांत कुजून पडलं होतं. अर्ज गेला होता, मंजुरीही आली होती, दार तेवढं यायचं होतं. तोवर सातवीच्या पाचही मुली मधल्या सुट्टीत घरी जात. घरं ओढ्यापलीकडे. ओढ्याला पाणी चढलं की त्या परत येत नसत, आणि त्या भागात पावसाळाभर ओढ्याला दुसरं काम नसतं. महिन्यातले काही दिवस तर त्या शाळेकडे फिरकतच नसत.

"सातवीची मॉनिटर आहे ना, ती सगळ्यांत हुशार आहे गं," बहीण म्हणाली. "तिच्या आईने सांगितलंय, अर्धा दिवसच शिकायचं असेल तर घरीच राहा, भाताच्या आवणीला हात लागतील. आता ती रोपं लावायला गेली की गेली. परत शाळेत येणं अवघड."

मी फोन ठेवला आणि वहीत लिहिलं: दार. त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या.

आता आमची कंपनी काय करते ते सांगायला हवं. कारखान्यांत, लिफ्टच्या खोलीत, पाण्याच्या पंपाजवळ जी राखाडी लोखंडी कपाटं असतात, वर विजेचं चिन्ह आणि आत वायरी, ती आम्ही बनवतो. म्हणजे वर्षभर आम्ही दारंच बनवतो. दाराच्या बाबतीत आमच्याइतका अनुभव नाशिकमध्ये फार कमी लोकांना असेल.

मी मामांकडे गेले. ते चहा पीत होते.

"मामा, शनिवारच्या कामात नाव देता का?"

"नाव देऊन काय करू? झाडू मारू? मॅडम, मी घरी मारत नाय तं तिथं कशाला मारू?"

"झाडू नाही. दार बनवायचंय. शाळेच्या मुलींसाठी."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "किती बाय किती?"

तेव्हा मला कळलं की माझी सूचनाच चुकीची होती. 'एक दिवस द्या' म्हटलं की माणूस घड्याळ बघतो. 'तुमच्या हातचं हे हवंय' म्हटलं की तो माप विचारतो. पुढच्या दोन दिवसांत कागद भरला. पेंट शॉपवाले म्हणाले, आमच्याशिवाय दार नागडं जाईल. स्टोअरवाले म्हणाले, बोल्ट आम्ही निवडणार. डिझाइनच्या साहेबांनी तर ड्रॉइंगच काढलं आणि त्यावर तीन विभागांच्या सह्या घेतल्या. इतरांनी वाटेत मिसळ असेल का, एवढंच विचारलं.

दार झालं ते बघायला अख्खी कंपनी जमली. चौकटीसकट होतं. राखाडी पावडर कोटिंग, कडेने रबर, खाली हवेसाठी जाळी. डिझाइनचे साहेब हात पाठीमागे बांधून उभे होते. "मॅडम, पाणी नाही, धूळ नाही, मुंगी नाही. तीस वर्षं बघायला नको." मी यादीत एकेक खूण केली. दार, चौकट, बिजागऱ्या, रंग, कुलूप. सगळं होतं. मोठे साहेब म्हणाले, बॅनर कुठाय? तोही यादीत घातला.

तर त्या शनिवारी मिसळ खाऊन आम्ही निघालो. वाडीवऱ्हे मागे पडलं तसा पाऊस वाढला. शाळेत पोचलो तेव्हा शनिवारची सकाळची शाळा सुटायला दीड तास होता. माझ्या हिशेबाने तेवढ्या वेळात दार बसून, वर चहाही व्हायला हवा होता.

माझ्या हिशेबात सत्कार नव्हता.

पटांगणात मांडव होता. मांडवात टेबल, टेबलावर नारळांचा ढीग. शाळा समितीचे अध्यक्ष फेटा बांधून उभे होते. "या, या! बसा. आधी सत्कार, मग काम."

"अहो, आधी काम करू या का?" मी म्हणाले. "पाऊस आहे, वीज कधी जाईल सांगता येत नाही."

"मॅडम, तुम्ही एवढ्या लांबून आल्या. हातात नारळ न देता हातात हातोडा द्यायचा म्हंजे गावाची इज्जत काय राह्यली?"

मग एकेकाचं नाव पुकारलं गेलं. पुरुषांना टोपी, उपरणं आणि नारळ. बायकांना ब्लाउजपीस आणि नारळ. प्रत्येकाच्या वेळी टाळ्या, प्रत्येकाच्या वेळी फोटो. दार आम्ही मांडवाच्या मागच्या बाजूला टेकवून ठेवलं होतं. गावकऱ्यांना ते व्यासपीठाची शोभा वाटलं, म्हणून त्यांनी आमचा बॅनर त्याच्यावरच बांधला. सगळ्या फोटोंत आमच्या मागे मोठे साहेब हसताहेत. दार एकाही फोटोत नाही.

ड्रायव्हरांचा सत्कार झाला. मग अध्यक्षांना आठवलं की ड्रॉइंग ज्यांनी काढलं त्यांचा वेगळा व्हायला हवा, म्हणून डिझाइनच्या साहेबांना दुसरं उपरणं मिळालं. अकाउंट्सच्या मॅडम माझ्या कानात म्हणाल्या, "आता परतीचा सत्कार आपण करायचा असतो का? मी काहीच आणलं नाही हो."

"गप्प बसा," मी म्हणाले. "ऐकलं तर तेही करायला लागतील."

माझी बहीण माझ्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर आम्ही दोघी हसलो असतो.

मुली मागच्या रांगेत बसल्या होत्या. सातवीची मॉनिटर कोण ते विचारावं लागलं नाही. टाळ्या वाजवून झाल्या की ती दर वेळी मान वळवून मांडवामागच्या त्या दाराकडे बघत होती.

शेवटी मामांनी टोपी घातली, उपरणं कमरेला गुंडाळलं आणि अध्यक्षांना म्हणाले, "पाव्हणं, आता नारळ आमच्या गाडीत ठेवा आन् आम्हाला दार लावू द्या. नायतर मी नारळच लावून जाईन."

गाव हसलं आणि काम सुरू झालं. मग मात्र आमची माणसं बघण्यासारखी होती. तिघांनी चौकट धरली, मामांनी ओळंबा सोडला, पेंट शॉपवाले छत्री धरून उभे राहिले, कारण ड्रिल भिजता कामा नये. डिझाइनचे साहेब सूचना देत होते आणि मामा त्या ऐकू येत नसल्यासारखं करत होते. शेवटचा बोल्ट भिंतीत गेला आणि त्याच क्षणाला वीज गेली. मामांनी ड्रिल खाली ठेवलं. "बघा, लाइटीलाबी समजतं."

दार उघडून-मिटून दाखवलं. कुरकुर नाही, आवाज नाही. पहिलीतली पोरं मात्र मागे सरकली. दारावर, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, लाल विजेचं चिन्ह आणि खाली 'धोका' असं लिहिलेलं स्टिकर होतं. पेंट शॉपमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक दारावर ते चिकटवतात. हाताला सवय.

"बाई, आत करंट हाय?" एका छोटीने विचारलं.

बहिणीने ते नखाने खरवडायला घेतलं. ते निघेना. आमची स्टिकरं दहा वर्षं निघत नाहीत, असं आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो, आणि ते खरं आहे.

मग बहिणीने मॉनिटरला बोलावलं. "चल, पहिला मान तुझा." मुलगी आत गेली. दार ओढून घेतलं. आम्ही बाहेर उभे. कोणीतरी मोबाइल वर धरला, मी त्याचा हात खाली केला. आतून पत्र्यावर हात फिरवल्याचा आवाज आला. मग दार पुन्हा उघडलं.

"मॅडम," ती मला म्हणाली, "आतून कसं लावायचं?"

मी डिझाइनच्या साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी दाराकडे पाहिलं. दाराला बाहेरून आमचं नेहमीचं कुलूप होतं, चकचकीत, तिकोनी किल्लीचं. आत गुळगुळीत राखाडी पत्रा. त्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

"कुलूप आहे की," साहेब म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"बाहेरून हाय ते," मुलगी म्हणाली. "बाहेरून लावलं तर मी आत अडकन."

"बरोबर. पण आमच्या दारांना..." साहेब थांबले.

वाक्य मामांनी पुरं केलं. "आमच्या दारांच्या आत माणूस नसतो ना, पोरी. वायरी असत्यात. वायरीला आतून कडी लागत नाय."

तीन विभागांच्या सह्या होत्या त्या ड्रॉइंगवर. माझ्या यादीत 'कुलूप' समोर खूण होती. एवढ्या सगळ्यांनी ते दार तपासलं, हात फिरवला, फोटो काढले. आणि या दाराच्या आत कोणीतरी असणार आहे, बाहेरून कोणी ओढू नये म्हणून ती धडपडणार आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. ते तिला आत गेल्यागेल्या कळलं.

मामांनी स्वतःच्या कपाळावर हात मारला. मग हत्यारांची पेटी उपसली. कडी नव्हती. असती तरी लोखंडाच्या पत्र्याला भोक पाडायला वीज हवी होती, आणि वीज नव्हती. तासभर वाट पाहिली. तेवढ्यात गावाने जेवायला बसवलं: तांदळाची भाकरी, वांग्याची भाजी आणि आग्रह. अध्यक्ष म्हणाले, "अहो, एवढं भारी दार हाय. कडीचं काय घेऊन बसला?"

"तुम्ही आत जाऊन बसा अन् मग सांगा," माझी बहीण म्हणाली. ती अध्यक्षांशी एरवी असं बोलत नाही. ते वांग्याकडे वळले.

निघताना मी परत मागे गेले. दार बंद होतं. मी हलकेच ओढलं, ते हललं नाही. आतून आवाज आला, "थांबा, हाय कोनीतरी!"

मॉनिटर बाहेर आली. मागे दाराच्या खालच्या जाळीत एक केशरी उपरणं अडकवलेलं होतं आणि त्याचं दुसरं टोक आतल्या नळाला गाठ मारून बांधलं होतं. गाठ सोडायची, बाहेर यायचं.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"त्या सायबांचं. त्यांना दोन भेटले होते ना."

डिझाइनचे साहेब बसच्या पायरीवर उभे होते. त्यांनी गळ्यातलं दुसरं उपरणंही काढलं आणि तिला दिलं. "एक भिजलं की हे," ते म्हणाले.

घोटीत मी बस थांबवली, हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि कडी घेतली. स्टीलची, चार स्क्रूंसकट. म्हटलं परत फिरू, पण ड्रायव्हरांनी फोन करून विचारलं तर शाळेच्या वाटेवरच्या फरशी पुलावरून पाणी वाहायला लागलं होतं. कडी पर्समध्ये टाकली.

सोमवारी मोठे साहेब खूष होते. नोटीस बोर्डावर फोटो लागले. ज्यांनी माझ्या सूचनेवर माझंच नाव लिहिलं होतं तेही विचारू लागले, "पुढचा शनिवार कधी? मिसळ त्याच ठिकाणी का?" मदतपेटीतही आता कधीमधी खरंच काहीतरी पडतं. हे मला मनापासून बरं वाटतं. माणसं वाईट नव्हतीच, त्यांना कुठे हात लावायचा ते कोणी सांगितलं नव्हतं.

पण कडी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

पहिल्या शनिवारी पावसाचा इशारा होता, शाळा बंद. दुसऱ्या शनिवारी ऑडिट, सुट्टी रद्द. मग मी आणि मामांनी ठरवलं की गाजावाजा नको, एका गुरुवारी अर्धी रजा टाकून दोघांनीच जाऊन यायचं. विजेचा भरवसा नाही म्हणून बॅटरीवरचं ड्रिल न्यायचं. ते ड्रिल कंपनीचं. कंपनीचं ड्रिल बाहेर न्यायला गेट पास लागतो. गेट पासवर 'कारण' असा रकाना असतो. मी खरं ते लिहिलं: शाळेच्या दाराला कडी बसवणे.

गेट पास सहीसाठी मोठ्या साहेबांकडे गेला. त्यांनी मला आत बोलावलं. चेहरा खुललेला.

"अरे वा, मॅडम! दुसरा टप्पा! असं गुपचूप काय? या वेळी मी स्वतः येतो. तारीख ठरवू, बॅनर नवीन करू. गावाला कळवा."

"साहेब, चार स्क्रू आहेत."

"स्क्रू छोटे असतील, भावना मोठी आहे," साहेब म्हणाले आणि गेट पास बाजूला ठेवला.

संध्याकाळी मी बहिणीला सगळं सांगितलं. ती हसली, मग म्हणाली, "ताई, मुली येताहेत पण. पाचही. दुपारीसुद्धा. मॉनिटरची आई आवणीला एकटीच गेली. म्हणाली, दार तरी आहे, राहू दे शाळेत."

"आणि कडी?"

"थांब, तीच इथे आहे, बोल."

फोनवर मॉनिटर आली. "मॅडम, एक उपरणं फाटलं. दुसऱ्याची गाठ लय घट्ट बसती, पावसानं. काल ती छोटी अडकली होती, रडली." आणि मग, "आनखी एक सत्कार झाला तरी चालन. नायतर कडी आना."

मी हो म्हटलं. साहेबांची तारीख अजून आलेली नाही, गेट पास त्यांच्या टेबलावर आहे. मामा रोज सकाळी माझ्या दारातून डोकावतात, भुवया उंचावतात, मी मान हलवते, ते जातात. आज ते येऊन म्हणाले, "मॅडम, माझ्या मेव्हण्याचं ड्रिल हाय. त्याला गेट पास लागत नाय."

वही उघडी आहे. कडी, स्क्रू, मेव्हण्याचं ड्रिल, रेनकोट, आणि स्टिकर काढायला ब्लेड. कशासमोरही अजून खूण नाही.